तीन चाकांना जागा नाही

बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय हलतो. इकडं बाकड्यावर बसा. चहा सांगितलाय. तो येईपर्यंत एक गोष्ट सांगतो, अगदी खरी. ऐकून तुमच्या तळपायाची आग मस्तकात गेली नाही तर मला खुशाल थापाड्या म्हणा. अट एकच. मध्येच "असं कुठं असतं का हो" म्हणायचं नाही. असतं. त्या टेकाडावरच्या कॉलेजात असतं.

वळणावरचे किल्लीवाले तुम्ही बघितलेत. पांढऱ्या मिशा, कानाला पेन्सिल, आणि ती तीनचाकी सायकल. पुढं एक चाक, मागं दोन, त्या दोघांच्या मधे पत्र्याची पेटी. पेटीत कानशी, शिकंजा, किल्ली कापायचं मशीन, सगळा संसार. गुडघा कामातून गेल्यावर त्यांनी ती स्वतः बनवली. त्यांची बायको तिला सवत म्हणते. "माझ्या अंगावरून कधी असा हात फिरवलात का? तिला मेलीला रोज तेल!"

बत्तीस वर्षं माणूस कुलपं उघडतोय. आणि बत्तीस वर्षं त्यांचा एक नियम आहे, त्यांच्या उस्तादानं घालून दिलेला: कुलूप ज्याचं, शब्द त्याचा. मालक समोर पाहिजे, त्यानं "उघडा" म्हटलं पाहिजे, आणि वहीत सही केली पाहिजे. सही नाही तर तार खिशातून बाहेर येणार नाही. एकदा सख्खा मेहुणा म्हणाला, शेजाऱ्यांचं कपाट जरा उघडून द्या, ते गावाला गेलेत, आमचा पंखा आत आहे. उघडलं नाही. मेहुणा दोन वर्षं बोलत नव्हता. किल्लीवाले म्हणतात, ती दोन वर्षं बरी गेली.

तर अशा माणसाला परवाना खात्यानं यंदा कागद पाठवला. प्रमाणपत्र असेल तरच यापुढं कुलपाचा धंदा करता येईल. प्रमाणपत्र कुठं मिळतं? कॉलेजात. बारा आठवड्यांचा वर्ग, शेवटी परीक्षा. पास झालात तर परवाना, नाही तर पेटी बंद.

बायको म्हणाली, "नातवाच्या वयाच्या पोरांत जाऊन बसणार?"

"बसतो. त्यांच्याकडनं मोबाईल शिकून घेतो."

पण खरं सांगू, मनातून माणूस खूश होता. शाळा चौथीत सुटलेली. नवीन वही घेतली, तिला कव्हर घातलं. कॉलेजच्या फाटकावर मोठी पाटी आहे, 'सर्वांसाठी खुले'. ती त्यांनी दोनदा वाचली म्हणे.

पाटीच्या खाली शिट्टी उभा. शिट्टी म्हणजे फाटकावरचा रखवालदार, पोरांनीच ठेवलेलं नाव. त्याच्या डावीकडं बोर्ड 'दुचाकी', उजवीकडं बोर्ड 'चारचाकी'.

"काका, हे काय आणलंत?"

"सायकल."

"सायकलला दोन चाकं असतात."

"मग मोटार समजा."

"मोटारीला चार."

"मग काय करू बाबा? एक काढू का एक लावू?"

शिट्टीला हसू आलं, पण त्यानं आत काही सोडलं नाही. खिडकीवर जा म्हणाला, पार्किंगच्या ऑफिसात. खिडकीत एक बाई, समोर कॉम्प्युटर. पहिल्यांदा चांगलं बोलल्या. दोन टाइप केलं, नाव टाकलं, मग सायकलीकडं बघून खोडलं. तीन टाइप केलं. कॉम्प्युटरनं लाल पट्टी दाखवली.

"काका, हा तीन घेत नाही."

"त्याला सांगा, रिक्षा बघितली नाहीस का कधी?"

"रिक्षाला कॉलेजात बंदी आहे," बाई म्हणाल्या. आणि मागच्या भिंतीवर बोट दाखवलं. तिथं रंगीत चित्र लावलेलं, 'कॉलेजला येण्याचे पाच सोपे मार्ग'. चित्रातली सगळी माणसं दात काढून हसत होती. किल्लीवाले मला म्हणाले, "अरे, तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. एवढे हसतायत म्हणजे या मार्गांनी कोणी कधी आलेलं नाही."

पण माणूस सरळ. सांगितलं ते करून बघितलं. पेटीतली हत्यारं पिशवीत भरून बसनं गेले. पिशवी अठरा किलोची. बसचा थांबा टेकाडाच्या पायथ्याशी, वर्ग टेकाडाच्या डोक्यावर. मधे तीन वेळा बसले, वर्गात पोचले तेव्हा हजेरी होऊन गेलेली. दुसरा मार्ग चालत येणं, तो त्या गुडघ्यानं वाचूनच सोडला. तिसरा, दुसऱ्याच्या गाडीतून या. बरोबरची एक पोरगी, केसांना निळा रंग लावलेली, तिला आपण निळी म्हणू, तिनं हौसेनं विचारलं, "काका, माझ्या स्कूटरवर येता?" अठरा किलो मांडीवर घेऊन स्कूटरवर बसले. पहिल्याच खड्ड्यात काका आणि कानशी वेगवेगळ्या दिशेला.

चौथा मार्ग ऐका. लांबच्या मैदानात गाडी लावायची आणि कॉलेजच्या व्हॅननं वर यायचं. किल्लीवाले सायकल घेऊन मैदानात गेले. तिथं बघणारं कोणी नव्हतं. सायकल लावली, व्हॅनच्या पायरीवर पाय ठेवला. ड्रायव्हर म्हणाला, "गाडीचा स्टिकर दाखवा."

"गाडी नाही, म्हणून तर तुझ्या गाडीत बसतोय."

"ज्याच्याकडं गाडी आहे त्यालाच या गाडीत बसता येतं काका. नियम आहे."

व्हॅनमध्ये किती माणसं होती? एक. ड्रायव्हर.

आणि पाचवा मार्ग, तो तर शिरोमणी. 'शक्य असेल तेव्हा घरूनच शिका.' आता घरी कुलूप कोणाचं उघडणार? बायकोच्या तोंडाचं? (हे मी म्हटलं, ते नव्हते म्हणाले. त्यांच्या घरी सांगू नका.)

शेवटी शिट्टीलाच दया आली. म्हणाला, "काका, वर्कशॉपच्या मागं भिंत आणि पाण्याचा पाइप यांच्यात एक बोळकांडी आहे. तिथं स्कूटर आडवी बसत नाही, मोटार तर शिरतच नाही. तुमची सवत तिथं ठेवा." सवतीची गोष्ट तोवर फाटकापर्यंत पोचली होती.

मग नऊ आठवडे सायकल तिथं. कोणाच्या वाटेत नाही, कोणाच्या डोळ्यावर नाही. आणि वर्गात तर त्यांची चैन. शिकवणाऱ्या मॅडम पंचविशीच्या, पण पोरगी गुणाची. म्हणायच्या, "काका, हे पुस्तकात असं लिहिलंय, तुम्ही कसं करता?" मग काका उठायचे, करून दाखवायचे, आणि पोरं मोबाईल काढून शूटिंग. घरी येऊन बायकोला सांगायचे, "आज मी तास घेतला."

आता परीक्षेचा दिवस. प्रत्यक्ष काम, वेळ अकरा. सव्वाअकराला दार बंद, मग ब्रह्मदेव आला तरी आत नाही. आणि ज्याची हत्यारं त्यानंच आणायची, उसनी चालणार नाहीत. किल्लीवाले साडेदहालाच हजर. सायकल बोळकांडीत लावली, नंबर कुठल्या खोलीत आलाय ते फळ्यावर बघायला गेले. दहा मिनिटं लागली असतील, गुडघ्यामुळं.

परत आले तर सायकलीला साखळी.

मागच्या चाकातून घातलेली, पेटीच्या झाकणावरून फिरवलेली, पाइपाला आवळलेली, आणि शेवटाला पितळी कुलूप. हत्यारं आत. वर चिकटवलेला छापील कागद: 'अनधिकृत वाहन'. त्याखाली 'वाहनाचा प्रकार'. आणि त्याच्यापुढं काय लिहिलेलं माहिताय?

'इतर'.

मी तुम्हाला विचारतो, परवानगी द्यायच्या वेळी तीन नव्हतं, मान्य. दोन आणि चार, दोनच आकडे जगात, मान्य. मग पकडायच्या वेळी हे 'इतर' कुठून उपटलं? ठेवायला जागा नाही, बांधायला जागा आहे! रखवालदार सांगतो ठेवा, तर पार्किंगचा साहेब येऊन आवळतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

निळी धावत आली. कुलूप बघून हसायला लागली. "काका, हे? हे तर तुम्ही पहिल्या आठवड्यात डोळे मिटून उघडलं होतं. काढा तार."

तार खिशातच होती, कायम असते. आणि कुलूप तर असं की फुंकर मारली तरी लाजून उघडेल.

"कुलूप माझं नाही," काका म्हणाले.

"पण सायकल तुमची आहे ना!"

"सायकल माझी. कुलूप त्यांचं. मालकाचा शब्द नाही."

शिट्टी आला, इकडंतिकडं बघत. हळूच म्हणाला, "काका, मी भिंतीकडं तोंड करून उभा राहतो. मला काही दिसलं नाही."

इथं किल्लीवाल्यांचं डोकं फिरलं. "भिंतीकडं तोंड? म्हणजे मी चोर? बत्तीस वर्षं उजेडात, चार माणसांसमोर कुलूप उघडतोय, आणि आज प्रमाणपत्राच्या दिवशी तू मला चोरासारखं उघडायला सांगतोस? सरळ माझ्याकडं तोंड कर!" मग निळीला म्हणाले, "तू जा पोरी, तुझी परीक्षा आहे. मी मालक शोधतो."

खिडकीवर गेले. पावणेअकरा.

"किल्ली पार्किंगच्या साहेबांकडं आहे," बाई म्हणाल्या. "ते आत्ताच फेरी मारून मीटिंगला गेले. दोन वाजता येतील."

"कसली मीटिंग?"

बाईंनी कागद बघितला. "विद्यार्थ्यांच्या येण्याजाण्याच्या सोयी."

"वा. मग तुम्ही उघडा म्हणा. ही वही. सही करा, दोन सेकंदांत मोकळं करतो, कुलूप जसंच्या तसं परत देतो."

"मला अधिकार नाही हो काका."

"लावायला होता ना कोणाला तरी? मग काढायला कोणाला आहे?"

बाईंनी फोन लावला. साहेब उचलेनात. परत लावला. अकरा वाजले. बाईच शेवटी कळवळून म्हणाल्या, "प्राचार्यांकडं जा. दुसरा मजला."

दुसरा मजला, त्या गुडघ्यानं. कठडा धरून, एकेक पायरी. वरून घंटा ऐकू आली म्हणाले, परीक्षेची. प्राचार्यांच्या दारात पोचले तेव्हा घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. आत पाहुणे बसलेले, बाहेरून तपासणीला आलेले. त्यांच्यासाठीच तर सकाळी सगळं आवार चकचकीत केलं होतं, साखळीसकट. प्राचार्य तसे भले. ऐकून घेतलं. म्हणाले, "अहो मग उघडा की! कोण अडवतंय तुम्हाला?"

"तोंडी नको साहेब. खाली या, समोर उभे राहा, सही करा."

पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? आले खाली. वही उघडली. तीन रकाने: मालक, कुलूप, कारण. प्राचार्यांनी पहिल्या दोनांत लिहिलं आणि पेन थांबलं.

"कारण काय लिहू?"

"लावलं ते तुम्ही. मला काय विचारता?"

प्राचार्यांनी साखळीकडं बघितलं, पाइपाकडं बघितलं, त्या दोन हात रुंद बोळकांडीकडं बघितलं जिथं कुत्रंसुद्धा वळत नाही. मग लिहिलं, 'वाहनास तीन चाके आहेत.' खाली सही. पेनाला टोपण लावेपर्यंत कुलूप त्यांच्या हातात.

पेटी उघडली, पिशवी भरली, आणि किल्लीवाले धावले. धावले म्हणजे काय, त्या गुडघ्यानं जेवढं होईल तेवढं. दाराशी पोचले तेव्हा घड्याळात अकरा बावीस. बाहेरून आलेला परीक्षक दारात. मॅडम त्याच्या मागं, डोळ्यांत पाणी. परीक्षक म्हणाला, "नियम आहे."

किल्लीवाले एवढंच म्हणाले, "हो. नियम आहे." काचेतून निळी काम करताना दिसत होती. कुलपाशी झटापट चालली होती. तिच्याकडं बघत उभे राहिले. तिचं कुलूप उघडलं, मग वळले.

गैरहजर. बत्तीस वर्षांत ज्या माणसानं दुकान बंद ठेवलं नाही, तो गैरहजर.

पुन्हा परीक्षा देता येते, नाही असं नाही. पण आठ दिवसांत अर्ज करायचा. त्याचा छापील फॉर्म आहे, त्यात कारणं तीनच: आजारपण, घरातला मृत्यू, नैसर्गिक आपत्ती. किल्लीवाल्यांनी खिडकीतल्या बाईंना विचारलं, "यात इतर नाही का हो?" बाईंनी फॉर्म उलटून बघितला. मग इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "काका, साधा कागद घ्या, स्वच्छ अक्षरात सगळं लिहा, वहीचं पान जोडा. मी स्वतः आत नेऊन देते."

आजचा सहावा दिवस. ते तिकडं पेटीवर बसलेत बघा, वहीचं पान हातात घेऊन. त्यांना चौथीपर्यंतचं लिहिता येतं, मला तेवढंही नाही. निळी म्हणाली मी लिहिते, पण तिनं लिहिलेलं वाचलं तर कॉलेज पेटेल. तुमची भाषा थंड आहे, अक्षर छापल्यासारखं आहे, म्हणून तुम्हाला इथं बसवलं. चहाचं निमित्त.

हा कागद, हे पेन. जसं झालं तसं लिहा. फॉर्मात 'इतर' नाही हेही लिहा. विनंती घाला, एक नाही दोन घाला. फक्त एवढं माझं ऐका: 'माफी' हा शब्द त्यात कुठं येऊ देऊ नका.