चिकटपट्टीखालचं चाक

मित्रांनो, कपाटाच्या वरच्या खणात, टोप्यांच्या मागे हात घातलात तर एक थंड, जड वस्तू हाताला लागेल. तीच मी, एक जुनी दुर्बीण. माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझी भिंगं इतक्या निगुतीने बसवली, की मला वाटलं, आपण आता चंद्र-तारेच बघणार. नशिबात निघाली मिनीबस.

त्या मिनीबसमधून गाईडताई लोकांना किनाऱ्याची सहल घडवायची. सकाळी दीपगृह, मग पक्ष्यांनी पांढराफटक करून टाकलेला कडा, दुपारी वाळूवर बसून डबे आणि शेवटचा थांबा पाणमांजरांच्या खाडीचा. ताईचा आवाज खणखणीत आणि जीव सगळा समुद्रात अडकलेला. घरची माणसं मिरवावीत तसा ती एकेक पक्षी दाखवायची. पट्टा आधी गळ्यात आणि मगच दुर्बीण डोळ्यांना, हा तिचा नियम होता.

आता एक गंमत सांगते. ताई चष्मा काढून माझ्यातून बघायची. लोक माझं नजर जुळवायचं चाक फिरवून ठेवायचे, मग तिला धूसर दिसायचं आणि ती चाक जुळवेपर्यंत पक्षी भुर्रकन उडून जायचा. एकदा वैतागून तिने चाक आपल्या डोळ्यांना जुळवलं आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळून टाकली. झालं! तिला लख्ख दिसायला लागलं आणि बाकी बहुतेकांना नुसतं धुकं. पण कुणी चकार शब्द काढायचं नाही. इतक्या हौसेने दाखवणाऱ्या बाईला "दिसत नाही" म्हणायचं तरी कसं? सगळे म्हणायचे, "वा, काय सुंदर!" ताई खूश व्हायची आणि मी आतल्या आत कुढायचे.

एका सहलीला एक आजी-आजोबा आले. आजींचा जन्म शिवणयंत्रावर गेलेला. लहान मुलांच्या झबल्यांवर त्या पाणमांजर भरायच्या, तेही एका फाटक्या चित्रावरून. खरं पाणमांजर एकदा डोळ्यांनी बघायचं, ही त्यांची फार वर्षांची इच्छा. आजोबा दरवर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." आता आजींचे डोळे अधू होत चालले होते, तेव्हा कुठे योग आला.

खाडीवर पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. ताईने पट्टा आजींच्या गळ्यात घातला. आजींनी मला डोळ्यांना लावलं. माझ्या काचेतून त्यांना राखाडी पाण्याखेरीज काही दिसत नव्हतं, हे मला कळत होतं. त्यांच्या पापण्या माझ्यावर फडफडत होत्या.

"दिसलं का गं?" आजोबांनी विचारलं.

"दिसलं हो," आजी म्हणाल्या आणि मला घाईघाईने त्यांच्या हाती दिलं.

आजोबांनी बघितलं न बघितलं आणि ओरडले, "अरे वा! काय पळतायत!"

ताई चमकली. "पळतायत? आजोबा, ती तर पाण्यात उताणी झोपलीयत."

आजींचा चेहरा पडला. "बाई, मला धुकंच दिसलं," त्या हळूच म्हणाल्या. "पण यांनी एवढ्या हौसेनं आणलं, यांचं मन मोडवेना."

"मला तरी कुठे काय दिसलं?" आजोबा खजील होऊन म्हणाले. "म्हटलं, तू तरी बघितलंस ना!"

मागून एक मास्तर खाकरले. "खरं सांगू का, ताई? कड्यावरचे पक्षीसुद्धा नाही दिसले."

ताईचे डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण लोकांना धुकं दाखवत होतो, हे तिला त्या क्षणी कळलं. ती चिकटपट्टी नखाने खरवडू लागली, पण ती जाम निघेना. मग आजींनीच पिशवीतून छोटी कात्री काढली आणि टाका उसवावा तशी ती पट्टी अलगद कापली. ताई चाक फिरवू लागली. "आता? आता दिसतंय? खरं सांगा हं!"

"नाही... अजून नाही... थांबा! अगंबाई!"

हिरव्या शेवाळात आई तरंगत होती आणि तिच्या पोटावर पिल्लू झोपलं होतं. आजी रडत-हसत म्हणाल्या, "अहो, हात छातीवर ठेवून झोपतात की ही! मी आयुष्यभर लोंबते हात शिवले!"

मित्रांनो, त्यानंतर मी पुष्कळ सहली केल्या, पण तसा दिवस पुन्हा आला नाही. पुढे ताई प्रत्येकाला आधी दीपगृहाच्या दारावर चाक जुळवायला शिकवायची. मग तिचे गुडघे दुखू लागले, सहली थांबल्या आणि मी ताईच्या घरी या खणात येऊन पडले. माझ्या भिंगांवर बुरशीचे ठिपके आलेत.

कधीतरी सूनबाई मला काढून ताईच्या हातात देते. "दिसतंय ना, आई?" ती मायेने विचारते. ताई खिडकीतून समुद्राकडे बघते आणि म्हणते, "हो गं, छान दिसतंय." तिचे डोळे आता बदललेत. तिच्या पापण्या माझ्यावर तशाच फडफडतात.

म्हणून तुम्हाला विनवते. कधी आलात तर माझी भिंगं मऊ कापडाने पुसा, पट्टा ताईच्या गळ्यात घाला आणि विचारा, "दिसतंय का?" ती हो म्हणेल. तिचं ऐकू नका. चाक फिरवत राहा.