खुर्चीखालची जागा

रिनाच्या बाबांचा, म्हणजे आमच्या वामनरावांचा, एक स्वभाव आहे. एखादी गोष्ट एकदा नीट बसली की तिला कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही. गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी चुनखडीच्या पट्ट्यावरचं लोखंड शोधणारं यंत्र सांभाळलं. निवृत्त झाल्यावर हातात धरायचं तसलंच एक विकत घेतलं. लांब दांडी, खाली ताटलीएवढी चकती, वर एक बटण. जमिनीत धातू असला की ते ओरडतं. पण माती स्वतःही थोडी ओरडतेच, म्हणून आधी बटण फिरवून तिला गप्प करावं लागतं. आमच्या काळ्या मातीवर त्यांनी ते एकदा बसवलं आणि रिना माहेरी विसरून गेलेल्या नेलपॉलिशनं तिथं लाल रेघ मारली. तेव्हापासून ती रेघ म्हणजे आमच्या घरातला कायदा.

त्या रेघेवर शेजाऱ्यांचा विळा सापडला, हे मी मान्य करते. माझा चहाचा चमचाही कुंडीत सापडला. तो तिथं कुणी पुरला होता, हे मी विचारलं नाही.

नोव्हेंबरात रिनाचा फोन आला. ती रडत नव्हती, त्यानंच मला धसका बसला. तिचं सासर वडशापुढच्या एका खेड्यात. लग्नानंतर इंदुताईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, स्वतःच्या हातातला चांदीचा गोट काढून तिच्या हातात घातला होता. त्यांना तो त्यांच्या आईनं दिलेला. खळं सारवायला शेणमाती कालवताना तो रिनाच्या हातून निसटला, आणि हे तिच्या ध्यानात आलं सगळं खळं सारवून वाळल्यावर.

"त्या रागवल्या नाई आई," रिना म्हणाली. "चार दिवस झाले, माह्यासंग बोलूनच नाई राह्यल्या. परवा खळ्यात ट्रॅक्टर येते. चाकाखाली गेला तं संपलंच. बाबाले मशीन घेऊन आन."

दुसऱ्याच दिवशी चांदा फोर्टहून गाडीत बसलो. समोरच्या बाईनं यंत्राकडे बघून विचारलं, "फवारणीचा पंप हाय का?" वडसा येईपर्यंत हे तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

जावई राजदीप धान बांधायला शेतात गेले होते. इंदुताईंनी आम्हाला खळ्यातच नेलं, मधोमध प्लास्टिकची खुर्ची मांडली, ह्यांना बसवलं, पाणी दिलं. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. रिना हातभर अंतरावर उभी होती, तिच्याकडे मात्र बघितलंही नाही. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला.

ह्यांनी बटण लाल रेघेवर आणलं आणि यंत्र सुरू केलं. तिकडची माती तांबडी, लोखंडाच्या बारीक खड्यांची. यंत्र पहिल्या पावलाला केकाटलं, दुसऱ्याला केकाटलं, तिसऱ्याला तर गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

"लय सामान हाय वाटते आमच्या खळ्यात," इंदुताई म्हणाल्या.

"माती अलग हाय इथली," हे म्हणाले.

"मातीच हाय ना भाऊ. आमी काय सिमेंटात धान लावतो?"

मी तोंडाला पदर लावला. ह्यांनी एकदा रेघेकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे. मग नाइलाजानं म्हणाले, "एकदम साफ जागा दाखवा. खिळा नाई, तार नाई. तेथी मशीन पुन्हा बसवा लागते."

"तुमी बसले होते ना, तेथीच. पाहुन्याच्या खुर्चीची जागा. माह्या हातानं सारवली."

ह्यांनी खुर्ची बाजूला केली. त्या जागेवर चकती वर-खाली करत बटण फिरवत राहिले. शेवटी यंत्र गप्प झालं. त्यांनी माझ्याकडे एक विजयी नजर टाकली, पुढं पाऊल टाकलं, आणि यंत्र आधीपेक्षा दुप्पट केकाटलं.

तीन ठिकाणी त्यांनी खुरप्यानं उकरून पाहिलं. तिन्ही ठिकाणी तांबडे खडे.

"नांगर आनू का भाऊ?" इंदुताई म्हणाल्या. "एवढं केलंच हाय तं लाखोरी पेरून टाकू."

रिनाला हसू फुटलं आणि तिनं लगेच ओठ दाबले. इंदुताईंनी ते पाहिलं, आणि नजर वळवली.

"सगळीकडं ओरडते," हे घाम पुसत म्हणाले. "फक्त खुर्चीच्या जागी गप्प रायते. बिघडली वाटते."

इंदुताईंचं हसू थांबलं. त्या खुर्चीच्या जागेजवळ येऊन वाकल्या.

"भाऊ, आमी मोहफुलं मोजतो, तवा खाली डबा ठेवून काटा शून्यावर आनतो. एकदा डब्यात पयलेचीच फुलं राह्यली होती. काट्यानं त्यालेबी डबाच समजलं."

तीस वर्षांच्या अनुभवाच्या माणसानं एकदा बटणाकडं पाहिलं, एकदा खुर्चीच्या जागेकडं: तिथं मातीबरोबर आणखीही काहीतरी गप्प केलं गेलं होतं. मग हे मुकाट्यानं कुंपणाजवळ गेले आणि तिथल्या मातीवर यंत्र नव्यानं बसवलं. परत येताना सगळं खळं शांत होतं. खुर्चीच्या जागी आल्यावर मात्र यंत्र एकदाच, स्वच्छ वाजलं.

खुरपं इंदुताईंनी घेऊ दिलं नाही. बोटांनीच उकरलं. सारवणाचा पापुद्रा निघाला, त्यावर त्यांच्याच बोटांचे फराटे होते, आणि खाली गोट. पदरानं पुसत त्या तिथंच बसून राहिल्या.

"पोरीनं कालवलं, पन सारवलं तं मीच," त्या म्हणाल्या. "खडा समजून दाबलं असन. आन् पाच दिवस हिच्यावर तोंड फुगवून राह्यली." मग मान वर केली. "रिना, इकडं ये."

रिना समोर बसली. इंदुताईंनी गोट घातला, तो लगेच बोटांपर्यंत घसरला.

"माह्याही हाताले ढिला होता. मायनं सूत गुंडाळून देल्लं होतं. मी सुताबिगर तसाच घालून देल्ला तुले." त्यांनी पदराच्या काठाचा दोरा ओढून काढला आणि गोटाला गुंडाळायला लागल्या. रिनाचे डोळे आता कुठं वाहायला लागले. माझेही भरून आले, ते मी लपवले नाहीत.

ह्यांचं लक्ष बटणावर होतं.

"रिना, नेलपॉलिश हाय का? इथली रेघ मारून ठेवतो."

"थांबा भाऊ," दोऱ्यावरची नजर न हलवता इंदुताई म्हणाल्या. "तिचा हात रिकामा नाई."