तार सप्तकातला मुका गंधार

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे कपड्यांची ट्रंक आली, त्यांनी जरा पुढे सरकून बसावं. मी सुरांची पेटी, भाता मारून वाजवायची. माझं शिक्षण बेताचंच. मला सात अक्षरं येतात, सा रे ग म प ध नी, आणि तीही माझ्याच अंगावर चिकटवली होती म्हणून. पण त्या सातांत मला जे कळलं, ते पोतंभर पुस्तकं वाचून कोणाला कळलं असेल तर त्याला माझ्यासमोर आणून उभं करा.

मला घडवणारा कारागीर हट्टी होता. लाकूड त्याने तीन वर्षं माळ्यावर वाळवलं. माझ्या पोटात पितळेच्या पातळ जिभा बसवल्या, प्रत्येक पट्टीला तिची तिची. जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. एकेकीपायी त्याने अर्धा अर्धा दिवस घालवला. माझी जीभ धारदार आहे असं कोणी म्हणालं तर मला राग येत नाही. कानस लागल्याशिवाय ती झाली नाही.

तिथून मी आले ती बाईंच्या घरी. बाई गाणं शिकवायच्या. त्यांच्या संसारात मी पहिली वस्तू. पलंग माझ्यानंतर आला. चाळीस वर्षं मी बाहेरच्या खोलीत खिडकीखाली बसले आहे आणि गल्लीतल्या दोन पिढ्या माझ्यापुढे मांडी घालून उठल्या आहेत.

बाईंची शिकवणी पुस्तकातून नसे. सप्तक म्हणजे काय, तर त्या पोरांना जिन्याशी नेत. “सात पायऱ्या चढा. आठवीला पुन्हा सा. तोच सा, पण वरच्या मजल्यावरचा. खालचा मजला मंद्र, मधला मध्य, वरचा तार.”

एकदा एका पोराने विचारलं, “बाई, कोमल म्हणजे हळू म्हणायचा ना?”

“हळू कशाला? आपल्या जागेवरून जरा खाली उतरलेला स्वर तो कोमल. बोंब मारून म्हटलास तरी कोमलच राहील. ओरडल्याने कोणी उंच होत नाही.”

लय शिकवायला त्या सुनेला गाजरं चिरायला बसवत. “ऐका तिची सुरी. एकेक घाव म्हणजे एकेक मात्रा. दोन घावांमधलं अंतर सारखं पडतंय, ती लय. आणि तालात फिरून फिरून जिथे परत यायचं, ती पहिली मात्रा म्हणजे सम.”

“आई, तुमच्या मात्रांपायी एक दिवस माझं बोट जाईल,” सून म्हणे.

“गेलं तर समेवर जाऊ दे.”

आणि एक धडा विश्रांतीचा. “गप्प बसणं हेही गाणंच आहे. पण मोजून गप्प बसायचं. एक मात्रा म्हणजे एकच. डुलकी काढायची नाही.” पोरांना हा धडा फार आवडे. हाच पुढे गळ्याशी आला.

झालं असं. नव्या पोरांसाठी बाईंनी कागदाचे तुकडे कापून स्वरांची नावं लिहिली आणि माझ्या पट्ट्यांवर चिकटवली. तार सप्तकातल्या नावांच्या डोक्यावर टिंबं दिली. उन्हाळ्यात खळ वाळली आणि तार गंधाराचं, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या ‘ग’चं, नाव गळून पडलं. त्याच दिवसापासून ती पट्टी दाबली की माझ्यातून नुसती हवा जाऊ लागली. कशाने, ते मला कळेना. आपल्या पोटात काय आहे ते आपल्याला थोडंच दिसतं?

बाईंना ते लगेच कळायला हवं होतं. पण त्यांचे कान उंच आवाजांना सोडू लागले होते. दारावरची बेल ऐकू आली नाही, तर त्या म्हणत, “बेलच मेली बिघडली आहे.” त्यांचा गळाही आता वरच्या मजल्यावर जात नसे. तिथे त्या नुसती बोटं चालवत आणि पोरांना स्वरांची नावं न घेता नुसत्या ‘आ’कारात गायला लावत. गंधार दाबला की चाळीस वर्षांचा गंधार त्यांच्या मनातच वाजे. त्यासाठी माझी गरज उरली नव्हती.

त्या वर्षी चार पोरं पहिल्या परीक्षेला बसायची होती. परीक्षेची धून चढत चढत तार गंधाराला शिवून खाली येत होती. चौघांत एक मुलगी होती, तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे. तिने एकदा बोट वर केलं. “बाई, इथे ना...”

“धून चालू असताना मधे बोलायचं नाही.”

भिंगरी बसली. मग चौघांनी आपसांत ठरवून टाकलं: जिच्यावर नाव नाही आणि जिच्यातून आवाज नाही, ती विश्रांतीची पट्टी. तिथे सगळे एक मात्रा मोजून गप्प बसू लागले, अगदी शिस्तीत. सून दारातून बघत होती. तिच्या ओठांवर आलेलं पुन्हा आत जात होतं.

परीक्षा झाली आणि चौघं माना खाली घालून परतली. सुनेने परीक्षकांची चिठ्ठी वाचली. “चौघांनीही एकच स्वर गाळला आहे. महिन्याने पुन्हा यावे.”

“कानांत बोळे घालून गेला होतात का?” बाई कडाडल्या.

“परीक्षकांनी विचारलं, इथे का थांबता,” भिंगरी म्हणाली. “मी म्हटलं, आमच्या बाईंच्या पेटीत इथे विश्रांती असते.”

बाईंनी मला पुढे ओढलं, भाता मारला आणि गंधार दाबला. “हा काय. वाजतोय की चांगला.”

माझ्यातून नुसती हवा गेली. मला वाटलं, माझ्या लाकडाला भेग पडावी.

“आई,” सून म्हणाली, “तो वाजत नाही.”

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून.”

“आणि तू आज सांगतेस?”

“बेल चांगली वाजते म्हणून सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही बेल बदलायला लावलीत.”

बाईंनी माझं झाकण लावलं. “पोरांची परीक्षा घालवणारीने शिकवू नये. उद्यापासून कोणी यायचं नाही.”

आठ दिवस त्या खोलीत कोणी बसलं नाही. धूळ बसली तेवढी. नवव्या दिवशी सुनेने न विचारता कारागीर आणला. मला घडवणारा केव्हाच गेला. हा त्याचा नातू. त्याने माझं पोट उघडलं आणि चिमट्याने एक कागदाचा तुकडा काढला. बाईंच्याच अक्षरातला ग, डोक्यावर टिंब. फटीतून पडून तो त्याच जिभेवर चिकटला होता. स्वराचं नाव स्वराच्याच उरावर बसलं होतं.

बाईंनी तो तुकडा तळहातावर घेतला. मग म्हणाल्या, “भिंगरीला बोलवा.”

ती आल्यावर बाईंनी सूर हाताला जाणवावा म्हणून एक तळहात माझ्या लाकडावर ठेवला आणि सुनेला भाता मारायला सांगून गंधार दाबला. “वाजला?”

“वाजला, बाई.”

“खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको.”

“खरंच वाजला. पण काकू भाता हळू मारतात, म्हणून थरथरतो.”

“ऐकलंस ना गं? नीट मार,” बाई सुनेला म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी हसल्या. “उद्यापासून तू माझ्या उजव्या हाताशी बस, भिंगरे. वरच्या मजल्यावर काय चाललंय ते मला सांगायचं. धून चालू असली तरी मधे बोलायचं.”

महिन्याने चौघं पुन्हा गेली आणि चौघांनी गंधार लावला. बाई कानांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आल्या. त्यांनाच चार गोष्टी सुनावून आल्या ते वेगळं.

मित्रांनो, आम्हा जुन्यांचं एवढंच मागणं आहे. धूळ पुसा, झाकण लावा, वर्षातून एकदा पोट उघडून बघा. पण आमच्यातला एखादा स्वर गप्प झाला तर ती विश्रांती समजून मोजत बसू नका. विचारा. माणूस असो की पेटी, रागावलं तर रागावू दे.

त्या पट्टीवर बाईंनी पुन्हा नाव चिकटवलं नाही. कधी आलात तर दाबून बघा आणि काय ऐकू आलं ते मोठ्याने सांगा. घाबरू नका. बाई आता ऐकून घेतात.