दीडचा वारा

मे महिन्यात पनवेलला बिनएसीचा हॉल बांधणारी मी एकटीच शहाणी. आमच्या हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचं डिझाइन माझं. पेशंटच्या हॉलला उंच छत, दोन्ही भिंतींना जाळ्या, वर गरम हवा जायला झरोके. वीज निम्मी लागणार. पण आपल्याकडे दवाखाना जितका गार तितका डॉक्टर मोठा. ट्रस्टी प्रभाकर सर म्हणाले, "रेवा, मी स्वतः तासभर बसून बघतो. घामाचा एक थेंब आला तरी जाळ्या बुजवायच्या आणि एसी लावायचे."

दोन वर्षांची मेहनत एका थेंबावर आली. खाडीवरचा वारा दीडनंतर सुटतो, म्हणून मी त्यांना दोनची वेळ दिली होती. सर साडेबारालाच हजर. बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं.

बाकावर उरणच्या कोळीवाड्यातल्या किशोरी मावशी बसल्या होत्या. जुन्या इमारतीतल्या एसीत त्यांचे गुडघे आखडायचे, त्यामुळे हा हॉल त्यांनाही हवा होता, आणि सरांची अट त्यांच्या कानावर आली होती. त्यांनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा माझ्या तोंडाकडे, आणि उठून सरांचा हात धरला.

"सायेब, माजा केस पेपर भरून द्या. आमाला लिवता येत नाय."

सर नाही कसं म्हणणार? दोघं जुन्या इमारतीतल्या टेबलापाशी गेले. "काय त्रास होतो?" एवढंच सरांनी विचारलं. मावशींनी डोक्यापासून सुरुवात केली. पाऊण तासाने त्या कमरेपर्यंत पोचल्या होत्या. मी जिन्याआड तोंडात ओढणी कोंबून हसत होते.

पावणेदोनला, घोट्यापाशी आल्यावर, त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. "ऱ्हाऊ द्या सायेब, बाकी डागदरला सांगते. तुमी जावा आता."

सर हॉलमध्ये येऊन बसले. जाळ्यांतून वारा भरभरून येत होता. पाचव्या मिनिटाला त्यांनी जांभई दिली, दहाव्याला घोरायला लागले. मला इतका आनंद झाला की नाचल्याशिवाय राहवेना. त्यांची झोप मोडू नये म्हणून चपला काढून नाचले.

सव्वातीनला सर जागे झाले. कपाळावरून हात फिरवला, हात नीट बघितला. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

"बाकं फार टणक आहेत, रेवा. गाद्या घालून घे."

"आणि एसी?"

"एसी कशाला?" सर उठत म्हणाले. "एका दिवसात नीट कळत नाही. उद्या जेवून पुन्हा तपासायला येतो."