जाड फुली

“जाड फुलीच घ्या, मुअज्जिब. रानरेड्यापुढे बारीक रेघेचं काय काम?” असं म्हणत इम्तियाजने काचेच्या काउंटरवरची दुर्बीण मालकाकडे सरकवली.

“जाड, जाड, जाड!” मागे खोकी लावणारा सर्फराज खिदळला. “दुल्हाभाईंकडे माशी मारायचं सामान मागा, तेही जाडच देतील.”

दोघं मालकाला अरबीत मुअज्जिब म्हणायचे, आणि त्याच्याशी बोलायचे ते अरबी आणि हिंदीच्या खिचडीत. मालक बू फहद पुढच्या आठवड्यात आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीला निघाला होता. बंदूक तिकडची मिळणार होती, पण तिच्या नळीवर बसवायची दुर्बीण कुवेतच्या अर्दिया भागातल्या आपल्याच शिकारसामानाच्या दुकानातली न्यायची, असा त्याचा हट्ट. दुर्बिणीतून पाहिलं की मधोमध नेमासाठी फुली दिसते. ती किती जाड असावी, यावर दुपारपासून खल चालला होता. बारीक फुली लांबच्या जनावरावर नेमकी बसते, पण झाडीत उजेड उतरला की पाहता पाहता हरवते. जाड फुली हरवत नाही, मात्र लांबचं जनावर तिच्याआड झाकलं जातं. आणि रेडा नुसता जखमी झाला तर पळून जात नाही, उलटून अंगावर येतो. तेव्हा प्रश्न चेष्टेचा नव्हता.

सर्फराज हा इम्तियाजचा सख्खा मेहुणा, बायको झुलेखाचा धाकटा भाऊ. त्याला दापोलीहून कुवेतला आणला तो इम्तियाजनेच, आणि आणल्यावर अम्गऱ्याच्या गोदामात तंबू उचलायला लावला तोही त्यानेच. जीव नकोसा करणाऱ्या उन्हात सर्फराज तिथे भाजून निघाला. काउंटरवर घ्या म्हणून त्याने किती विनवण्या केल्या, तर इम्तियाज गिऱ्हाइकांदेखत म्हणायचा, “आधी नाक पुसायला शिक.” शेवटी मालकानेच त्याला दुकानात आणलं. तेव्हापासून दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. सरळ बोलणं बंद. जे बोलायचं ते मालकाच्या तोंडाकडे पाहून.

तसा सर्फराज खोटं बोलत नव्हता. इम्तियाज वर्षभर प्रत्येकाला जाड फुलीच विकत होता. कारण त्याला बारीक फुली दिसतच नव्हती. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, पण साखरेने डोळ्याच्या मागचा पडदाच खाल्ला होता. डॉक्टर म्हणाला होता, जेवढं गेलं तेवढं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा. हे इम्तियाजने कुणाला सांगितलं नव्हतं, झुलेखालासुद्धा नाही. लेक माहीनची बारावी चालू होती. तिचे पेपर होईपर्यंत ही नोकरी टिकायला हवी होती. नोकरी गेली की त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना जाणार, आणि त्याच्यामागे बायकोचा आणि लेकीचाही. दुकानातले खण त्याला हाताने पाठ होते, दुर्बिणी वजनावरून कळत होत्या. एवढ्या भांडवलावर तो दिवस रेटत होता.

“थांबा, मुअज्जिब,” सर्फराज खोकी सोडून पुढे आला. आवाजात एकाएकी मध. “एक नवी आलीय. बारीक फुली, पण काय बारीक! दुल्हाभाईंनी एकदा बघून सांगावं. ते नको म्हणाले तर माझंही नको.”

हा मध इम्तियाजला खटकायला हवा होता. पण सगळ्यांसमोर विचारलं, त्याने तो जरा फुलला. सर्फराजने दुर्बीण स्टँडवर बसवली आणि मागचं शटर वर केलं. समोरच्या भिंतीला नेम धरून बघायचा पुठ्ठ्याचा काळा रेडा टेकवलेला होता. इम्तियाज वाकला. उजेडाचा गोल दिसला, त्यात काळा धब्बा दिसला. रेघ दिसली नाही. पण रेघ न दिसणं हे आता त्याला रोजचंच होतं.

तो सरळ झाला, अनुभवी माणसासारखा घसा साफ केला.

“फुली सुरेख आहे, मुअज्जिब. एकदम स्वच्छ, खांद्याच्या बरोबर मागे बसते. पण फार बारीक. संध्याकाळी झाडीत हरवेल.”

बू फहद वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग त्याने डोळा चोळला आणि पुन्हा पाहिलं.

“कुठे आहे फुली?”

सर्फराज हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, “आत फुलीच नाही, मुअज्जिब. वरून पडून मोडलीय. दुरुस्तीला आलेली दुर्बीण आहे ही.” मग पहिल्यांदाच तो इम्तियाजकडे वळला आणि घरच्या बोलीत म्हणाला, “तुमाला दिसली ना पन, दुल्हाभाई? खांद्याच्या मागं?”

इम्तियाजचे कान तापले. साप म्हणावं याला, की आणखी काही? दूध तर आपणच पाजलं. त्याने काउंटरची कड घट्ट धरली.

बू फहद आधी चकित झाला, मग त्याला सगळं उमगलं, आणि मग तो भडकला.

“आंधळ्या माणसाच्या हातून मी लोकांच्या बंदुकांवर दुर्बिणी बसवून देतोय? माझ्या स्वतःच्या भावाची तूच बसवलीस ना? कुणाला काही झालं असतं तर?”

  बसवताना आपण बोटांनी चाचपून बसवतो, हे काय सांगण्यासारखं होतं?

उजेड उतरू लागला तसा बू फहद स्वतः दोन चांगल्या दुर्बिणी घेऊन मागच्या दारात बसला. एक बारीक, एक जाड. आलटून पालटून पाहत राहिला. पुठ्ठ्याचा रेडा भिंतीच्या सावलीत मिसळत गेला, तशी बारीक फुली त्याच्याही डोळ्यांसमोरून पुसली गेली. तो कुरकुरत उठला आणि जाड फुलीची दुर्बीण सर्फराजच्या हाती दिली.

“ही बांध.”

आणि इम्तियाजकडे न पाहता म्हणाला, “कपाटाच्या चाव्या याला दे. हा महिना संपला की घरी जा. खलास.”

आपण सांगितलं तेच मालकाने घेतलं, पण त्याचं श्रेय आता कुणाच्या बापाला हवं होतं? इम्तियाजने चाव्या दिल्या नाहीत, काउंटरवर ठेवल्या. सर्फराजला त्या वाकून उचलाव्या लागल्या. तेवढंच काय ते इम्तियाजच्या हातात होतं.

घरी माहीन आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून अभ्यास करत होती. झुलेखाने ताट वाढायला घेतलं. आज सुबूर होता, म्हणजे आपल्याकडचा पाला मासा. चवीला एक नंबर आणि काट्यांचं कोठार. झुलेखा दिव्याखाली त्याची तुकडी घेऊन बसली आणि नखांनी एकेक काटा काढू लागली. इम्तियाज तिच्या हातांच्या हालचालीकडे बघत राहिला.

“कवापासून काढतेस काटे?”

“असंच.” तिने मान वर केली नाही. “रमझानात तुमच्या गल्यात काटा अडकला व्हता ना. तवापासून.”

“म्हंजी तुला मालूम व्हतं.”

“एका घरात ऱ्हातंव आपन.”

 सर्फराजला मोडकी दुर्बीण सुचली कशी, हा प्रश्न इम्तियाजला येताना बसमध्ये वाटभर छळत होता.

“आनि कुनाला सांगितलंस?”

झुलेखाची नखं थबकली. “सर्फराजला. भाव हाय माजा. म्हटलं, दुकानात तुमच्यासंगती असतो, बारीक काम तुमच्या हातातनं काढून घेईल.”

“घेतलान काढून.”

त्याने मग सगळं सांगितलं, आवाज न चढवता. मोडकी फुली, चाव्या, महिनाअखेर. झुलेखाचा चेहरा त्याला नीट दिसत नव्हता, पण तिचा श्वास ऐकू येत होता.

“माहीनचे पेपर?” ती पुटपुटली. “आनि माजा इकामा? मी त्याची भैन, ह्याचा तरी इचार केलान का त्याने?”

ती उठली आणि फोन शोधू लागली. “आता विचारतंच त्याला. त्याला पोरासारखा वाढवला मी.”

“फोन ठेव.”

“का ठेवू?”

“ठेव म्हटलं ना. आधी मना जेवू दे.”

राग तिच्यावर होता, सर्फराजवर होता, स्वतःवरही होता. अम्गऱ्याचं ऊन त्याला आज पहिल्यांदा आठवलं, आणि त्याने ते झटकून टाकलं. तिने साफ केलेली तुकडी त्याने बोटाने बाजूला सारली.

“दुसरी वाढ. काटे काढू नको.”

“अवो, सुबूर हाय ह्यो.”

“वाढ.”

तिने वाढली. इम्तियाज ताटावर वाकला नाही. ताठ बसून, समोरच्या भिंतीकडे बघत त्याने मासा बोटांनी चाचपला आणि एक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मग दुसरा. झुलेखा हात मांडीवर ठेवून समोर बसली. एक काटा सुटला आणि त्याच्या गळ्यात गेला. डोळ्यांत पाणी आलं. तो खोकला नाही. कोरड्या भाताचा गोळा गिळला, वर पाणी प्यायला, आणि पुढच्या काट्यासाठी बोटं पुन्हा माशात घातली.