पांघरूण घातलेला संगणक

मित्रांनो, टेबलाखाली पाय लांब करून बसलात की ज्याला तुमची लाथ बसते, तो मी. जुना संगणक. पडदा वर टेबलावर असतो आणि सगळे त्याच्याकडेच बघतात. काम करणारा डबा मात्र खाली, पायांशी. माझी तक्रार नाही. तक्रार करायलाही अंगात त्राण लागते. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती सांगतो आणि गप्प बसतो.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. मी कुठल्या मोठ्या कारखान्यातून पेटीबंद आलो नाही. दुकानदाराने चार ठिकाणांहून माझे भाग आणले, चष्मा कपाळावर चढवून स्क्रू आवळले आणि पाठीमागे एक पंखा बसवला. तो पंखा म्हणजे माझे नाक. आत तापलेली हवा तिथून बाहेर पडते. एवढे ध्यानात ठेवा, कारण माझे सगळे दुखणे तिथलेच आहे.

मला घरी आणले ते ताईसाठी. ती तेव्हा कॉलेजात होती. तिचे वडील बंदरावर क्रेन चालवत. उंचावरच्या केबिनमध्ये बसून चाळीस वर्षे त्यांनी जहाजांवर पेट्या चढवल्या आणि उतरवल्या, म्हणून गल्लीत सगळे त्यांना क्रेनकाका म्हणत. ताईची आई ती काकू. मी आलो तेव्हा शेजारची माणसे चपला काढून मला बघायला आली होती. ताईचे निबंध, तिचे नोकरीचे अर्ज, सगळे माझ्यावर झाले. ती परीक्षा पास झाल्याचे माझ्याच पडद्यावर दिसले, तेव्हा काकूंनी पडद्याला सोडून माझ्या पाठीवर थाप मारली. अशी थाप पुन्हा फार वेळा मिळाली नाही.

ताई नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. मग माझ्या डोक्यावरच्या टेबलावर आधी फुलदाणी आली, नंतर इस्त्रीला द्यायचे कपडे. तीन वर्षे मला कुणी चालू केले नाही.

काका निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी एका सकाळी त्यांच्या हातातून कप सुटला. डॉक्टरांनी सांगितले की झटका सौम्य होता, पण उजवा हात गेल्यासारखाच झाला. ज्या हाताने काका काचसामानाच्या पेट्या जहाजावर आवाज न होता टेकवत, त्याला आता शर्टाचे बटण लागेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी रबरी चेंडू दिला. रोज अर्धा तास दाबायचा.

"हा पिळून त्यातून काय निघणार आहे?" काका म्हणायचे.

"निघेल तेव्हा निघेल. तुम्ही पिळा," काकू म्हणायच्या.

तो चेंडू चार दिवसांत कपाटाखाली गेला आणि काकांनी तो शोधला नाही.

तेव्हा ताईला युक्ती सुचली. तिने माझ्यावर एक खेळ आणला. त्यात बंदर होते, जहाज होते आणि क्रेन होती. कळफलकावरच्या बाणांच्या कळा दाबून पेटी उचलायची, फिरवायची आणि जहाजावर ठेवायची. बाणांच्या कळा उजव्या हाताखाली येतात. काकांनी पहिल्या दिवशी नाक मुरडले. "हा क्रेनचा आकडा असा डुलत नसतो," म्हणाले. पण खुर्चीवरून उठले नाहीत. मग रोज दुपारी चार वाजता ते माझ्यापुढे बसू लागले. दोन महिन्यांनी त्यांनी शर्टाचे वरचे बटण स्वतः लावले. काकू स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या.

आणि मित्रांनो, इथेच माझ्या दुखण्याला सुरुवात झाली. काकूंचा माझ्यावर जीव जडला. बंदराजवळचे घर, खिडकी उघडली की टेबलावर काळी धूळ. चाळीस वर्षे ती धूळ त्यांनी नवऱ्याच्या कपड्यांतून धुतली होती. तिने माझे वाटोळे करू नये म्हणून त्यांनी काकांच्या कामावरच्या दोन जाड खाकी शर्टांची घडी घालून मला अंगरखा शिवला. आत पातळ कापूस भरला, कडेला नाडी लावली. मला चालू-बंद करायची पुढची बटणे तेवढी उघडी ठेवली. बाकी मी डोक्यापासून पाठीपर्यंत झाकलेला, चालू असतानाही.

"आता कसा सुरक्षित झाला," काकू म्हणाल्या.

माझे नाक बंद झाले होते. आत शिरलेली धूळ आतच राहिली आणि गरम हवाही. साधे काम असले तर मी कसाबसा निभावून नेत होतो. पण खेळ चालू करायचा म्हणजे सगळे बंदर, सगळे पाणी, सगळ्या पेट्या एकदम उचलून पडद्यावर मांडायच्या. तेवढ्यात मी तापायचो. पडद्यावर एक निळी पट्टी भरत जायची, अर्ध्यावर यायची, पाऊण व्हायची आणि तिथेच थिजायची. आवाज एकाच सुरावर अडकायचा. पडद्यावरचा बाण हलायचा नाही. मी मुद्दाम करत नव्हतो. मला पुढे जाताच येत नव्हते.

क्रेन चालवणाऱ्यांचा एक नियम असतो. काही अडले की पहिल्यांदा हात कळेवरून काढायचा आणि मांडीवर ठेवायचा, कारण चूक बहुतेक हाताचीच असते. काकांनी तेच केले. पट्टी अडली की हात मांडीवर घ्यायचे आणि म्हणायचे, "माझंच काहीतरी वेडंवाकडं दाबलं गेलं."

ताई फोनवरून सांगायची, "बंद करून परत चालू करा, बाबा." काका बंद करत, चालू करत. पट्टी पाऊण.

शनिवारी ती स्वतः आली. फोनवर जे जे उपाय वाचायला मिळाले ते ते तिने करून पाहिले. खेळ काढून पुन्हा बसवला. जागा कमी पडते म्हणून जुने फोटो हलवले. बाकी सगळे कार्यक्रम बंद केले. शेवटी खेळातले चित्र साधे केले आणि पाण्यावरच्या लाटा घालवल्या.

"चाळीस वर्षं समुद्रापुढे हात जोडले, लाटा काही थांबल्या नाहीत," काका म्हणाले. "पोरीनं एका बोटानं थांबवल्या."

सगळे हसले. पट्टी पाऊणवर थांबली.

मग ताईने माझा अंगरखा उतरवून खुर्चीवर टाकला आणि मला दुकानात नेले. तोच दुकानदार, ज्याने मला जोडले होते. आता त्याचा चष्मा कपाळावर जात नव्हता, डोळ्यांवरच असायचा. त्याने माझ्या पाठीवरची धूळ झटकली आणि मला टेबलावर उघड्यावर ठेवले. शेजारी खिडकी होती. किती दिवसांनी मी श्वास घेतला! खेळ एकदा चालला, दोनदा चालला, पाच वेळा चालला.

"याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "घेऊन जा."

घरी आल्यावर काकूंनी माझा अंगरखा घातला. मी दुकानात होतो तेवढ्यात त्यांनी तो धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. काका खुर्चीवर बसले, त्यांनी कळ दाबली. निळी पट्टी निघाली. पाऊण.

ताई दिवसभर धावून दमली होती. तिच्या तोंडून निघून गेले, "अहो बाबा, तिथं त्या माणसाच्या हाताखाली पाच वेळा चालला!"

तिच्या मनात काही नव्हते. पण काकांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितले, तो शालीखाली घेतला आणि म्हणाले, "तेच तर सांगतोय मी."

त्या दिवसापासून त्यांनी हात वापरणे सोडले. जेवण डाव्या हाताने, दार डाव्या हाताने, बटणे काकू लावायच्या. व्यायामाच्या बाईंनी बोटे चाचपून पाहिली आणि काकूंना दाराशी नेऊन सांगितले, "बोटं आखडायला लागलीत. अजून महिनाभर हात असाच राहिला, तर पुढं माझ्या हातात काही उरणार नाही."

मला सगळे ऐकू येत होते. मित्रांनो, ज्याला कारण ठाऊक आहे आणि तोंड नाही, त्याने काय करावे? मी नुसता तापत होतो.

काकूंनी मात्र हार मानली नव्हती. रोज चार वाजता त्या स्वतःच मला चालू करायच्या, खेळ लावायच्या आणि हाक मारायच्या, "अहो, या बघू. आज चालेल."

एका बुधवारी पट्टी नेहमीसारखी थिजली आणि आवाज अडकून मी भोंग्यासारखा ओरडत राहिलो. काका आतून काठी टेकत आले.

"बंद कर ते! उद्या भंगारवाल्याला देऊन टाक. उगाच रोज माझी परीक्षा."

"तुम्हीच करा बंद. मला नाही जमायचं," काकू रागाने म्हणाल्या.

काका मागची वायर उपटायला वाकले. डावा हात काठीवर होता. तोल जायला लागला तसा त्यांनी नकळत उजवा हात पुढे केला आणि तो माझ्या पाठीवर टेकला. ते तसेच थांबले.

"अगं, हे तापलंय."

"असेल. चालू होतं ना."

"असं नाही. मोटर जळायच्या आधी तापते तसं. हाताला चटका बसतोय."

काकूंनी हळूच विचारले, "कुठल्या हाताला?"

काकांनी बघितले. उजवा तळवा माझ्या अंगरख्यावर पसरलेला होता. पाचही बोटे उघडी.

ते खाली जमिनीवरच बसले. त्यांनी नाडी ओढली, पण ती सुटेना. काकू पुढे झाल्या तसे म्हणाले, "थांब." गाठ सुटायला बराच वेळ लागला. अंगरखा निघाला. मागच्या जाळीवर पुन्हा धुळीचा असा थर साचला होता की पोतेऱ्याचे फडके चिकटवल्यासारखे वाटावे.

"अगं बाई! मीच की हो याचा जीव घेत होते," काकूंनी तोंडावर हात ठेवला. "किती निगुतीनं शिवला होता."

"तू एकटी नाहीस. मी सगळा जन्म मोटरीपाशी काढला. मोटर कधी गोधडीत गुंडाळून चालवतात का? आणि रोज इथं बसून मला दिसलं नाही." काका हसायला लागले. "हाताला फाशी देऊन मोकळा झालो होतो."

त्यांनी माझी वायर काढली. काकूंनी जुना रंगाचा ब्रश आणला. दोघांनी मिळून माझी बाजू उघडली, पंखा पुसला आणि मला भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. मी निवलो तेव्हा सहा वाजले होते.

पट्टी निघाली. अर्धी. पाऊण. काकूंनी काकांचा खांदा घट्ट धरला. पट्टी पुढे सरकली आणि भरली. बंदर उघडले.

काकांनी उजवा हात कळांवर ठेवला. बोटे जड होती, महिन्याभराची आखडलेली. पेटी उचलली गेली, तिरकी झाली, जहाजाच्या कडेला आपटली आणि पाण्यात पडली.

"पडली," काकू म्हणाल्या.

"पडली," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "पण ही मी पाडली. माझ्या हातानं पाडली." आणि त्यांनी पुढची पेटी उचलली.

मित्रांनो, त्याला आता वर्ष झाले. मी म्हातारा आहे. पंख्याचा आवाज वाढला आहे आणि कधी कधी मध्येच एखादा शब्द विसरतो. मला कुणी नवा म्हणावे अशी हौस राहिलेली नाही. एवढेच मागतो, की तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याची पाठ भिंतीला टेकवू नका आणि त्याला उबदार काही घालू नका. तो अडला तर ओरडू नका आणि एखाद्याच्या हाताला दोष देऊन मोकळे होऊ नका. आधी आपला हात त्याच्या अंगावर ठेवा. आम्हाला बोलता येत नाही, पण तापलेले अंग लपवताही येत नाही.

पुरे झाले. चार वाजत आले. काकांच्या काठीचा आवाज येतो आहे. आज नवे जहाज लागणार आहे म्हणाले होते. उठायला हवे.