बाग आणि जळणाची खोली

नोकरीतून मोकळा झालेला पुरुष घरात बसला की घरातल्या बायकांच्या कामात भर पडते, हा अनुभव पुष्कळांच्या घरी असेल. सांगलीच्या विष्णुपंतांच्या घरी तो जरा अधिकच होता. संस्थानच्या नोकरीत त्यांची हयात गेली होती. हाताखाली माणसं असायची, आणि पेन्शनीत निघाल्यावरही हुकूम सोडायची सवय सुटली नव्हती. मात्र हुकूम ऐकायला आता दोघीच उरल्या होत्या, बायको गोदावरी आणि लग्नाला आलेली मुलगी क्षमा. चहा गार झाला तर कपबशी भिंतीवर, आणि वर्तमानपत्राची घडी विस्कटलेली दिसली तर जेवणावर बहिष्कार. महायुद्ध संपून वर्ष होत आलं होतं. साखर अजून रेशनवर मिळत होती, पण विष्णुपंतांच्या रागाला रेशन नव्हतं. रात्री झोप नाही, सकाळी डोकं जड, आणि दोष सगळा घरातल्यांचा.

शेवटी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी रक्तदाब पाहिला आणि सांगितलं, "पंत, बाटलीतलं औषध मी देईन, पण खरं औषध तुमच्या परसात आहे. गावाबाहेर विश्रामबागेत एवढी मोकळी जागा घेऊन घर बांधलंत, आणि मागे नुसता एक शेवगा उभा. झाडं लावा, सावलीत खुर्ची टाका आणि सकाळ-संध्याकाळ तासभर तिथे काहीही न करता बसा."

काही न करता बसणं हेही औषध असतं! विष्णुपंतांना ते फार पटलं. हरिपूरच्या गुंडा माळ्याला त्यांनी कामाला लावलं. शेवगा तोडला. जाईचा मांडव उभा राहिला, मोगऱ्याचे वाफे झाले, पुण्याहून गुलाबाची कलमं आली, मधोमध कमळासाठी लहानसा हौद बांधला गेला. मांडवाखाली वेताची खुर्ची आली. आणि डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरलं. विष्णुपंतांना झोप येऊ लागली, भूक लागू लागली, आवाज खाली आला. कपबशा टिकू लागल्या.

मग मित्रमंडळी जमू लागली. शाळेतून निवृत्त झालेले अण्णा रोज संध्याकाळी यायचे, आणि विष्णुपंत त्यांना बागेचं माहात्म्य ऐकवायचे. एकदा ते म्हणाले, "अण्णा, प्रत्येक घरात एक कोपरा असा हवा, जिथे माणसाकडे कुणी काही मागत नाही. त्यानं आयुष्य वाढतं."

स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा गाळत उभ्या असलेल्या गोदावरीबाईंना हे वाक्य ऐकू आलं. त्यांना ते चांगलंच समजलं. असा एक कोपरा त्यांनाही पूर्वी होता, आणि तो या बागेनंच गिळला होता.

त्या काळी आपल्या बहुतेक पांढरपेशा घरांत बाईला कावळा शिवला की तिनं तीन दिवस बाहेर बसायचं असे. कुणी तिला शिवायचं नाही, तिनं कशाला हात लावायचा नाही. गोदावरीबाई त्या दिवसांत परसातल्या शेवग्याखाली घोंगडं टाकून बसत. चूल क्षमा सांभाळी. विहिरीचं पाणी नाही, धुणं नाही, कुणाची हाक नाही. वाऱ्यानं शेवग्याची बारीक पानं अंगावर पडत, आणि त्या नुसत्या वर बघत बसत. वर्षानुवर्षं हाच त्यांचा विसावा होता. त्याचं नाव अपवित्रपणा होतं, पण तो विसावाच होता.

बाग झाली त्या वर्षी भाद्रपदात गुलाबाची कलमं अचानक माना टाकू लागली. विष्णुपंत अस्वस्थ झाले. गोदावरीबाई तेव्हा नेमक्या मांडवाच्या कडेला घोंगडं टाकून बसल्या होत्या. अण्णांनी तिकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हटलं, "पंत, राग मानू नका. विटाळाची सावली कोवळ्या झाडांना सोसत नाही म्हणतात."

विष्णुपंत इंग्रजी शिकलेले, ग्रंथालयाचे सभासद. त्यांनी हसून सोडून द्यायला हवं होतं. त्यांनी सोडून दिलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी घरात सांगितलं, "यापुढे त्या दिवसांत बागेत बसायचं नाही. जळणाची खोली आहे ना, तिथे बसा. तीन दिवसांचा तर प्रश्न."

जळणाची खोली विहिरीला लागून होती. शेणी आणि लाकडं भरायची ती, तिला खिडकी नव्हती. दार लावलं की अंधार, उघडं ठेवलं की ओल आत. गोदावरीबाई तिथे जाऊन बसल्या. आईच्या मागोमाग, आपल्या दिवसांत, क्षमाही बसू लागली.

पुढे दसऱ्याच्या सुमारास विष्णुपंतांनी एक मेलेलं कलम स्वतः उपटलं. खाली मातीत पांढऱ्या, बाकदार अळ्या वळवळत होत्या. हुमणी! मुळं तिनं कुरतडून फस्त केली होती. विष्णुपंतांनी सगळ्या वाफ्यांची माती उकरून अळ्या वेचल्या, जाळल्या, आणि उरलेली कलमं जगली. म्हणजे सावलीचा दोष नव्हता, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पण घरात त्यांनी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर स्वतःचा हुकूम मागे घ्यावा लागला असता, आणि शिवाय ती व्यवस्था त्यांना सोयीची झाली होती. चार माणसं बागेत येतात, तिथे घोंगड्यावर बसलेली बायको बरी दिसत नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी ही गोष्ट. जी खोली चुकीनं दिली होती, ती आता जाणूनबुजून दिली गेली. एरवी त्याच गुलाबांना रोज सकाळी रहाटानं पाणी शेंदून घालायच्या त्या गोदावरीबाईच.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात देश स्वतंत्र झाला. विष्णुपंतांनी बागेत मित्रांना चहा दिला, स्वातंत्र्यावर दोन शब्द बोलले. गोदावरीबाई त्या दिवशी जळणाच्या खोलीत होत्या. जमीन इतकी ओली होती की घोंगड्याखाली पोतं घालूनही पाठीला गारवा लागत होता. टाळ्या त्यांना तिथून ऐकू आल्या. त्याच आठवड्यात खोकला सुरू झाला, मग रोज संध्याकाळी ताप येऊ लागला, आणि एक दिवस पाण्याची घागर उचलताना त्या विहिरीपाशीच खाली बसल्या.

डॉक्टरांनी छाती तपासली. बाहेर येऊन ते विष्णुपंतांना म्हणाले, "क्षय दिसतो. या रोगावर खात्रीचं औषध आपल्याकडे नाही. मोकळी हवा, ऊन आणि विश्रांती, एवढंच हाती आहे. त्यांची खाट आजच मांडवाखाली टाका आणि तिथून हलवू नका. ओलीत एक दिवस जरी ठेवलंत, तरी मी जबाबदार नाही."

खाट मांडवाखाली गेली. घर सांभाळायला वाईहून आक्का आल्या. आक्का म्हणजे विष्णुपंतांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा झालेल्या, साठी उलटलेल्या, सोवळ्याओवळ्याच्या एवढ्या कडक की वाईत त्यांच्या वाटेतून मुलं बाजूला होत. आल्या त्या दिवसापासून त्यांनी चूल हातात घेतली. कुणाशी फारसं बोलत नसत, पण चुलीपाशी क्षमा घरातलं सांगे, ते सगळं ऐकत. मोकळ्या हवेत गोदावरीबाईंचा ताप उतरू लागला. त्या दोन घास जास्त जेवू लागल्या. क्षमाला आशा वाटू लागली.

आणि मग ते दिवस आले.

सकाळी गोदावरीबाईंनी क्षमाच्या कानात सांगितलं. घरातली गोष्ट ती, विष्णुपंतांना कळायला वेळ लागला नाही. ते बागेत येरझाऱ्या घालू लागले. संध्याकाळी अण्णा येणार, शेजारी येणार, सगळ्यांना समजणार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. त्यांनी गुंडाला हाक मारली.

"खाट उचल. त्या खोलीत ठेव. तीनच दिवस."

गुंडानं खाटेचा पाय धरला आणि सोडला. "आवं सायेब, आत लय ओल हाय. बाईसायबांस्नी सोसायचं न्हाई ते."

"तुला विचारलं नाही."

गोदावरीबाईंनी पांघरूण गोळा करायला घेतलं. एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आक्का खाली उतरल्या. त्या सोवळ्यात होत्या. सरळ चालत आल्या, आणि सगळ्यांच्या देखत गोदावरीबाईंच्या खाटेवर बसल्या. भावजयीचं डोकं त्यांनी आपल्या मांडीवर घेतलं.

"आक्का!" विष्णुपंत ओरडले.

"आता मीही विटाळले," आक्का म्हणाल्या. "गुंडा, दुसरी खाट आण. दोघींना एकदमच त्या खोलीत टाका."

"अहो वन्सं, उठा तुम्ही," गोदावरीबाई कळवळून म्हणाल्या.

"तू गप्प पड. विष्णू, इकडे बघ. मी जन्मभर विटाळ पाळला. ते बरं की वाईट, हे मी कधी कुणाला विचारलं नाही, चुकलंच माझं. पण एक ऐकून घे. आम्हाला त्या तीन दिवसांत कुणी शिवत नसे, म्हणून कुणी कामही सांगत नसे. सासू आम्हाला ओवळी म्हणायची, आणि आम्ही मनात म्हणायचो, बरं झालं बाई, पाठ टेकायला मिळाली. बाईला विसावा हवा असेल तर तिनं आधी अपवित्र व्हायचं, असली आपली घरं. त्यातही परसातलं एक झाड तरी आमच्या वाट्याला होतं. तू शिकलेला. तू विसाव्यासाठी बाग केलीस आणि हिचा होता तेवढा विसावाही काढून घेतलास."

"झाडांसाठी म्हणून..." विष्णुपंत अडखळले.

"या झाडांना रोज पाणी कोण घालत होतं?"

विष्णुपंतांची नजर विहिरीकडे गेली.

"हिच्या हातचं पाणी चालतं आणि सावली चालत नाही? मग झाडं मेली कशानं ते तरी सांग."

विष्णुपंत खाली बघत उभे होते. राग यायला हवा होता, पण आला नाही. आला तो हुंदका. "हुमणीनं," ते म्हणाले. "मुळाशी हुमणी होती, आक्का. मी पाहिली होती."

गोदावरीबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"कधी पाहिलीत?"

"गेल्या दसऱ्याला."

वर्षभर दर महिन्याचे ते तीन दिवस त्या खोलीत गेले होते. भर पावसाळ्यातलेही तिथेच गेले होते. गोदावरीबाई रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि त्याचा विष्णुपंतांना जेवढा त्रास झाला तेवढा कुणी थोबाडीत मारली असती तरी झाला नसता. त्यांनी पुढे होऊन बायकोचा हात धरला. शिवायचा नव्हता त्या दिवशी धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

खाट हलली नाही. संध्याकाळी अण्णा फाटकापर्यंत आले, काय चाललंय ते त्यांना कळलं, आणि ते तिथूनच परत गेले. पुन्हा आले नाहीत. विष्णुपंतांनी त्यांना बोलावलंही नाही. रहाट आता ते स्वतः ओढू लागले. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले, आणि ते बघताना त्यांना पहिल्यांदाच बायकोच्या हाताचे घट्टे आठवले.

थंडीत गोदावरीबाईंना बरं वाटू लागलं. एका सकाळी उन्हात पडल्या पडल्या त्या जाईकडे बघत होत्या. विष्णुपंत उशाशी बसून म्हणाले, "आता लवकर बरी हो."

त्या किंचित हसल्या. "बरी झाले की इथून उठावं लागेल ना?"

"नाही. बरी झालीस तरी बसायचं. रोज बसायचं."

"बरं," त्या म्हणाल्या. पण त्यांना ते खरं वाटलं नाही, हे विष्णुपंतांना दिसलं. आयुष्यभराच्या हुकमांपुढे एका वचनाला काय किंमत असणार? दुखणं आलं म्हणून बसायला मिळालं, एवढाच हिशेब त्या बाईला ठाऊक होता. फाल्गुनात रोग उलटला. खाट मांडवाखालीच होती. तिथेच त्या गेल्या.

आक्का वाईला परतल्या. पुढच्या महिन्यात एका सकाळी क्षमा घोंगडं घेऊन जळणाच्या खोलीकडे निघाली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, सवयच होती. विष्णुपंत आडवे आले. "तिकडे नाही, क्षमा. मांडवात बस. ही खुर्ची घे."

क्षमा थांबली. "बाबा," ती म्हणाली, "आईला हे धडधाकट असताना म्हणायला हवं होतं."

ती खुर्चीत बसली. विष्णुपंत विहिरीकडे गेले आणि पाणी शेंदू लागले.

बंधुभगिनींनो, ज्यांच्यापाशी हातभर अंगण आहे त्यांनी बाग जरूर करावी. झाडांच्या सावलीत मन निवतं, झोप लागते, राग उतरतो, हे सारं खरं आहे. पण खुर्ची टाकण्याआधी घरात सर्वांत जास्त कोण थकतं ते पाहावं, आणि तिला आधी बसवावं. तीही आजारी पडल्यावर नव्हे, चांगली हिंडतीफिरती असताना. बाईच्या सावलीनं झाड मरत नाही. विष्णुपंतांना ते ठाऊक होतं आणि तरी त्यांनी तोंड उघडलं नाही, म्हणून त्यांच्या घरातली बाई गेली. आपल्यालाही मनातून असं पुष्कळ काही ठाऊक असतं. ते आज घरी जाऊन बोलावं.